दीडशेची पाटी

मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. एकोणतीस वर्षं लोकांचे तराजू तपासतेय. ताटलीखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोखरलेलं वजन, पेट्रोलपंपाचा लंगडा मीटर, सगळं बघून झालंय. मी बाजारात दिसले की निम्मे तराजू आपोआप सुधारतात, असं आमचे साहेब म्हणतात. एकदा पाच ग्रॅमच्या फरकापायी मी एकाच्या दुकानाला सील ठोकलं होतं आणि त्याची बायको ऑफिसात येऊन रडली तरी आठवडाभर काढलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला नावं ठेवणार आहात, आणि ठेवायलाच हवीत.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. माणसं सुखरूप वर न्यायची आणि सुखरूप खाली आणायची, तीही मुंगीच्या पावलांनी, हा त्यांचा धंदा. म्हणूनच की काय, वर्षातून चार-पाच रविवार त्यांना वेगाची तलफ येते. आमच्यापासून तीन तासांवर गाड्यांचा एक ट्रॅक आहे. तिथे हौशी लोक आपापली गाडी घेऊन येतात, वीस-वीस मिनिटं गोल गोल पळवतात आणि घरी जातात. शर्यत नाही, बक्षीस नाही. आमची लेक याला मोठ्या माणसांचा पाळणा म्हणते.

अकरा वर्षं आम्ही तिथे आमच्याच गाडीने गेलो. गाडी लहानशी, लाल, आणि लेकीपेक्षा कांकणभर जास्तच लाडाची. मागची सीट आडवी करून तिच्यावर ट्रॅकचे चार टायर, टायरांवर जुनी चादर, चादरीवर हेल्मेट. माझ्या पायाशी जॅक आणि पान्यांची पेटी, मांडीवर जेवणाचा डबा. तिथे पोचलं की रस्त्याची चाकं काढून ट्रॅकची लावायची, संध्याकाळी उलट. परतताना दिवसभर तापलेले ब्रेक प्रत्येक सिग्नलला किंचाळायचे आणि आजूबाजूचे लोक वळून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि हे मात्र कुणी हार घातल्यासारखे बसलेले असायचे.

खरं सांगायचं तर मला ते सहा तास आवडायचे. घरात आम्ही बोलतो म्हणजे काय, गॅस संपला, नळ गळतोय. गाडीत एकमेकांकडे बघायची सोय नसते, त्यामुळे काहीही बोलता येतं. लेकीच्या लग्नाबद्दल माझा नकार होता तो होकार झाला, तो याच रस्त्यावर.

ट्रॅकवर एक नियम आहे. वेळ मोजायची नाही. आकडा आला की चढाओढ आली आणि चढाओढ आली की कुणीतरी भिंतीत जाणार, म्हणून गाडीत फोन नको, घड्याळ नको. हे नियमाला घट्ट. पण कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या बायकोच्या कोटाच्या खिशात काय आहे ते कोण बघतंय? तिथल्या निम्म्या बायकांच्या खिशात स्टॉपवॉच असतं आणि आयोजकही कानाडोळा करतात. ह्यांची गाडी रेषेवरून गेली की मी अंगठा दाबायची, फेरी पूर्ण झाली की पुन्हा दाबायची. दिवसातली सगळ्यांत जलद फेरी मी सांगायची आणि हे ती एका निळ्या वहीत लिहायचे. चारचौघांत म्हणायचे, "आमचं घड्याळ सरकारी आहे. बायको वजनमाप खात्यात आहे."

तिसऱ्या वर्षी ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. सात महिने अंथरुणात. आपण परत उभे राहू की नाही याचीच त्यांना धास्ती होती, गाडी तर दूरच. बरे झाल्यावर पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो. ऑपरेशनआधीची त्यांची सगळ्यांत जलद फेरी दोन मिनिटं तेरा सेकंदांची होती. त्या दिवशी आली दोन चौदा. हे माझ्याकडे चालत आले, हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी घड्याळातला आकडा विसरलेच. त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "दोन बारा."

ते हसले. सात महिन्यांनी हसले. मी मनात म्हटलं, दोन सेकंदांनी कुणाचं काय वाकडं होणार आहे.

पण खोट्याचं असं असतं की ते एकटं राहत नाही. पुढच्या वेळी खरी वेळ दोन तेरा आली. ती सांगावी तर माणूस मागे गेला असं दिसणार. म्हणून दोन अकरा सांगितली. मग टायर नवे घेतले, आता फरक दिसायलाच हवा. लेक सासरी गेली तेव्हा थोडे सेकंद गेले, कामावर बढती हुकली तेव्हा आणखी थोडे. आठ वर्षांत हे खरोखरच सुधारले होते, दोन चौदावरून दोन सातवर आले होते. पण निळ्या वहीत लिहिलं होतं, दोन मिनिटं शून्य पूर्णांक चार.

सेकंदाचे चार दशांश राहिले होते फक्त. दोन मिनिटांच्या आत यायला.

इथे बेकरीवाला आला. तोही ट्रॅकवरचाच, ह्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पहाटे तीनला भट्टी लावणारा आणि तरी दिवसभर टवटवीत. ह्यांना दादा म्हणतो आणि मला वहिनी. तो त्याची गाडी ट्रेलरवर चढवून, पिकअपला जोडून, ओढून आणतो. नवीन मोठा ट्रेलर आणि नवी पिकअप घेतली म्हणून जुनी जोडी आम्हाला देऊ करत होता. आमच्या बाहेरच्या खोलीत बसून त्याने ह्यांना समजावलं.

"गाडीने येणारा माणूस अर्धा घरीच असतो, दादा. पाय ॲक्सिलरेटरवर आणि डोकं परतीच्या रस्त्यावर. गाडी मोडली तर घरी जायचं कसं, उद्या कामावर जायचं कसं, वहिनींना कुठे बसवायचं. टाकीच्या वळणाला तुम्ही कुठे ब्रेक मारता?"

"दीडशेच्या पाटीला," हे म्हणाले.

ट्रॅकवरचा लांबलचक सरळ रस्ता संपतो तिथे पाण्याची टाकी आहे आणि तिथे तीव्र वळण आहे. वळणाआधी अंतराच्या पाट्या आहेत, दोनशे मीटर, दीडशे, शंभर. वळली नाही गाडी, तर पुढे खडी आणि खडीपुढे भिंत.

"शंभरला मारा," बेकरीवाला म्हणाला. "तुमचा राहिलेला अर्धा सेकंद तिथेच पडलाय. उचलायचा फक्त."

"आणि नाही वळली तर?"

"तर ट्रेलर आहे ना."

आधी वापरून बघा म्हणून तो जोडी दारात ठेवून गेला आणि त्यानंतर आमचं जे वाजलं ते पंधरा दिवस वाजत राहिलं. ट्रेलर ठेवायचा कुठे? शेजारी काय म्हणतील? रिव्हर्स कोण घेणार? ट्रेलरच्या हुकावर भार किती येतो, कमी-जास्त झाला तर मागे डोलायला लागतो, माहीत आहे का? मला माहीत होतं. वजनकाटे तपासायला आमच्या खात्याची गाडी वीस-वीस किलोची वजनं भरलेला ट्रेलर ओढत जाते आणि ती मी कित्येक वर्षं चालवलीय. मी ऑफिसातला काटा आणून हुकावरचा भार मोजलासुद्धा. अगदी हवा तितकाच भरला आणि मला त्याचा राग आला.

"तुझं घोडं अडलंय कुठे?" ह्यांनी शेवटी विचारलं. "गाडी झिजणार नाही, टायर बदलायचे कष्ट नाहीत, तुझ्या पायाशी पेटी नाही. तुला नको काय आहे त्यात?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी म्हटलं, "मला त्या पिकअपचा आवाज सहन होत नाही."

"अगं, चार दशांश राहिलेत. पुढच्या वर्षी मी पंचावन्नचा. आत्ता नाही तर कधी? एकदा शंभरच्या पाटीला मारून बघतो. मोडली तर मोडली, पट्ट्यांनी बांधून आणू."

अकरा वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. लिफ्टचा साधा दिवा गेला तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत न थांबणारा माणूस, मोडली तर मोडली म्हणत होता. आणि त्यांना तिथपर्यंत नेलं होतं कुणी? बेकरीवाल्याने नाही, ट्रेलरनेही नाही. त्यांचे चार दशांश नव्हतेच राहिले. सात सेकंद राहिले होते. ते पन्नास मीटरात सापडत नाहीत, तिथे फक्त भिंत सापडते. एका हसण्यापायी मी माझ्या माणसाला त्या भिंतीकडे ढकलत आणलं होतं. करायला गेले काय आणि झालं काय, असं नुसतं म्हणून सुटता येण्यातलं हे नव्हतं.

रविवारी पहाटे गाडी ट्रेलरवर चढली. चारी चाकांवरून पट्टे गेले, हे प्रत्येक पट्टा दोनदा ओढून बघत होते. मग त्यांनी रस्त्याची चार चाकं पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकली.

"ट्रेलरवरून चाललीय ना? मग ही कशाला?"

"असू देत. काय लागेल सांगता येतं?"

लिफ्टवाला माणूस. एक दोर पुरत असला तरी चार लावणार.

वाटेत सांगायचं ठरवलं होतं. पण पिकअप खरोखरच रणगाड्यासारखी गर्जत होती आणि आत यीस्टचा वास कोंडलेला होता. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ह्यांनी "काय?" म्हणून ओरडून विचारलं आणि मी "काही नाही" म्हणून ओरडले. असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. ह्या रस्त्यावर आम्ही गप्प राहिलो अशी ही पहिलीच वेळ.

तिथे पोचल्यावर फळ्यावर गटांची यादी लागली होती. सावकाश, मध्यम, वेगवान. अकरा वर्षं ह्यांचं नाव मध्यम गटात असायचं. आज तिसऱ्या रकान्यात होतं, बेकरीवाल्याच्या खाली.

"हे काय?" मी विचारलं.

"मीच बदलून घेतलं. नाव नोंदवणाऱ्या बाईंनी विचारलं, जमेल का? मी वहीतला आकडा सांगितला. मोजला कुणी म्हणाल्या. म्हटलं, बायको वजनमाप खात्यात आहे." ते मजेत होते. "पुढे काही विचारलंच नाही त्यांनी."

वेगवान गट म्हणजे मागून येणारे प्रत्येक फेरीत ह्यांच्या मानेवर बसणार. हे बिचकणार, आपलं काय चुकतंय म्हणून आणखी दाबणार, आणि टाकीचं वळण येणार.

दहा चाळीसला वेगवान गटाची रांग लागली. ह्यांची लाल गाडी पाचवी. मी कुंपणाच्या फटीतून आत गेले. झेंडेवाला मागून "ओ बाई" म्हणाला, मी वळलेसुद्धा नाही. खिडकीशी वाकले. हे हेल्मेट घालून, हातमोजे घालून, समोर बघत बसले होते.

"शंभरच्या पाटीला ब्रेक मारू नका."

"परत तेच? आता जाऊ दे ना मला."

"चार दशांश नाहीत. सात सेकंद आहेत." मी खिडकीची कड धरली. "तुमची वेळ दोन सात आहे. गेल्या वेळी दोन सात होती. त्याआधी दोन आठ. मी कमी करून सांगत आले."

हेल्मेटमधून फक्त डोळे दिसतात. ते माझ्याकडे वळले.

"कधीपासून?"

"पाठीच्या ऑपरेशननंतर. परत आलो त्या दिवसापासून."

"आठ वर्षं," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"तुम्ही हसलात म्हणून," मी म्हटलं. यापेक्षा शहाणं काही सुचलं नाही.

पुढच्या गाड्या सुटल्या. झेंडेवाल्याने हात हलवला. ह्यांनी गिअर टाकला आणि गेले.

मी धावत टाकीच्या बाजूच्या कुंपणाशी गेले. तिथून रेषाही दिसते आणि पाट्याही. खिशातलं घड्याळ सरळ हातात घेतलं, आता लपवायचं काय राहिलं होतं? माझा नवरा रागात काय करतो हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी रागावून एक कप आपटल्याचं आठवत नाही. न रागावणारा माणूस रागावला की कुठल्या पाटीला ब्रेक मारतो, हे कोण सांगणार?

पहिली फेरी सगळेच जपून घेतात. दुसऱ्या फेरीला मी अंगठा दाबला. सरळ रस्त्यावर मागून तिघे आले, ह्यांनी प्रत्येकाला खिडकीतून हात दाखवून पुढे जाऊ दिलं. चौथा आला, त्यालाही दिलं. मग लाल गाडी एकटी राहिली आणि पूर्ण वेगाने टाकीकडे आली. दोनशेची पाटी गेली. दीडशेची पाटी आली आणि बरोबर तिच्यापाशी मागचे लाल दिवे लागले.

मला रडू आलं. रडत रडत मी रेषेकडे बघत राहिले आणि गाडी रेषेवरून गेली तेव्हा अंगठा दाबला, एक क्षण पुढे नाही की मागे नाही.

वीस मिनिटांनी हे आले. हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले.

"किती?"

त्यांच्या तोंडाकडे बघून तो आकडा उच्चारणं एकोणतीस वर्षांच्या नोकरीत केलेल्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं. "दोन मिनिटं सात पूर्णांक आठ."

त्यांनी मान हलवली आणि फळ्याकडे गेले. नाव नोंदवणाऱ्या बाईंशी काहीतरी बोलले. बाईंनी तिसऱ्या रकान्यातलं नाव पुसून दुसऱ्या रकान्यात लिहिलं. अख्ख्या दिवसात त्यांनी मला परत वेळ विचारली नाही. दोनदा गाडी घेऊन गेले, दोनदा आले, डबा बेकरीवाल्याबरोबर खाल्ला. मी मात्र प्रत्येक फेरी मोजली. कुणी विचारणार नसलं तरी मोजली.

चार वाजता त्यांनी गाडीला जॅक लावला आणि ट्रॅकची चाकं काढून रस्त्याची चढवायला लागले. बेकरीवाला लगबगीने आला.

"काय झालं, दादा? बिघडली की काय?"

"कुठे काय? उत्तम चाललीय. म्हणूनच चालवत नेतो."

"अहो, पण ट्रेलर?"

ह्यांनी पिकअपची किल्ली माझ्यासमोर धरली. "हिला जमतं."

सकाळपासून माझ्याबद्दल बोललेलं ते पहिलं वाक्य, तेही माझ्याशी नव्हे.

अशी आमची वरात निघाली. पुढे मी, यीस्टच्या वासात, मागे रिकामा ट्रेलर. रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा वाईट. प्रत्येक खड्ड्यात उडतो, खडखडतो, वाऱ्याची झुळूक आली की शेपूट हलवतो. मी सत्तरच्या वर जायला धजत नव्हते. मला वाटलं होतं, हे भुर्रकन पुढे निघून जातील. जायलाच हवं होतं त्यांनी. माझ्याबरोबर एका गाडीत बसायचं नाही म्हणूनच तर ही उठाठेव, मग माझ्या मागे रांगत कशाला यायचं?

पण आरशात लाल गाडी होती. पहिल्या तासाला होती, दुसऱ्या तासाला होती. ट्रक मला ओलांडून गेले, बस गेली, दूधवाल्याची व्हॅनसुद्धा गेली. ट्रॅकवर सेकंद-सेकंदासाठी झुरणारा माणूस सत्तरच्या वेगाने माझ्या मागे येत होता. कुणी मागून घाई करत ट्रेलरच्या अंगावर येऊ नये म्हणून त्यांनी चारी इंडिकेटर लावले होते. आरसा सारखा धूसर व्हायचा, आणि धूसर आरसा नव्हता होत.

अर्ध्या वाटेवर पेट्रोलपंपाला थांबले. हे उतरले, ट्रेलरच्या हुकाशी वाकले, पिन हाताने हलवून बघितली, साखळी बघितली. माझ्या खिडकीशी आले नाहीत. परत जाऊन गाडीत बसले.

घरी पोचलो तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. मी हात-पाय धुऊन आले तर हे टेबलाशी निळी वही उघडून बसले होते. आठ वर्षांची पानं त्यांनी मागे मागे उलटली. मी दारातच उभी राहिले. फाडतील असं वाटलं. त्यांनी नवीन पान काढलं.

"आजचा आकडा काय म्हणालीस?"

"दोन सात पूर्णांक आठ. दुपारी एकदा सात पूर्णांक सहा आली होती, पण तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी सहा लिहिला. "आणि घरी यायला किती वेळ लागला?"

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ट्रॅकच्या फाटकापाशी मी ते चालू केलं होतं आणि घराच्या दारात बंद, कशाला केलं मलाच माहीत नव्हतं. "तीन तास एक्केचाळीस मिनिटं."

"खरं?"

"खरं."

तेही त्यांनी लिहिलं, खाली रेघ मारली आणि पेन वहीत ठेवून वही मिटली.

"ट्रेलर परत देऊन टाकतो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात आपल्या गाडीनेच जाऊ. पेटी तुझ्या पायाशी येणार, सांगून ठेवतो."

"आणि वेळ?" मी विचारलं. "वेळ कोण मोजणार?"

त्यांनी टेबलावरचं घड्याळ उचललं. मग ते माझ्या हातात दिलं.

"तूच मोज. फक्त सांगताना घड्याळाकडे बघ, माझ्या तोंडाकडे बघू नकोस."